डोलकाठीचा पंखा

जुनी पवनचक्की समोर आली की मधुरा माणसांकडे बघायचं विसरते, अशी तिच्या नवऱ्याची, श्रीपतीची, तक्रार आहे. तक्रार खोटी नाही. आठवडाभर ती कतारमध्ये, दोह्यात एका गॅस कंपनीत पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळते आणि सुट्टीचा शुक्रवार उजाडला की अल थुमामातल्या घराच्या गॅरेजमध्ये गंजलेलं लोखंड घेऊन बसते. गाडी बिचारी बाहेर उन्हात.

या वेळचं लोखंड अल रुवैस या समुद्रकाठच्या गावाहून आलं होतं. तिथल्या हमीदचाचांच्या जुन्या घराच्या गच्चीवर एक विंडचार्जर पडून होता. विंडचार्जर म्हणजे वाऱ्यावर बॅटरी चार्ज करणारी छोटी पवनचक्की. गावात वीज यायच्या आधी चाचांच्या घरचा रेडिओ तिच्यावर चालायचा. चाचांच्या घराण्याचा पूर्वी मुंबईशी व्यापार, त्यामुळे हिंदी झकास. "बेटी, एक बार फिर घूमना चाहिए, बस," एवढंच त्यांनी सांगितलं. मधुराने तेवढंच ऐकलं आणि पुढे काही विचारलं नाही.

जुनं यंत्र ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. डायनामोचं आवरण, शेपटीचा आकार, वादळात वेग आवरणाऱ्या पत्र्याच्या झडपा बघून तिने निकाल दिला: अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा. सगळं अस्सल, फक्त लाकडी पंखा तेवढा परका. कारखान्यातून असा पंखा बाहेर पडणं शक्यच नव्हतं. कोणीतरी हाताने तासलेला, एक पातं दुसऱ्याहून जाड, त्यात वाळवी लागलेली. तिने जुन्या यंत्रांच्या शौकिनांच्या ग्रुपवर फोटो टाकून खाली लिहिलं, 'लोकल जुगाड'. लोक हसले, तीही हसली.

कारखान्याचा पंखा कुठे मिळेना. मग या कामातले लोक करतात तेच तिने केलं. पंखा वाचणार नसेल तर त्याचे आडवे काप काढायचे, प्रत्येक काप कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची आणि त्या आकारांवरून नवा पंखा तासायचा. तिने करवत चालवली, पेन्सिल नीट टेकावी म्हणून कापांच्या बाजू पॉलिश पेपरने घासून सपाट केल्या. काम सुरेख झालं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी चाचांचा फोन आला.

"बेटी, पंखा संभाल के हाँ. वो अमान ने बनाया था, मेरे बड़े भाई ने. उसकी नाव का मस्तूल टूटा था, उसी लकड़ी से. बाद में दूसरी नाव ले के गया. समंदर ने कुछ वापस नहीं दिया. बस वही है."

"हाँ चाचा," मधुरा म्हणाली. समोर टेबलावर त्या डोलकाठीचे काप ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकावर तिच्या अक्षरात नंबर होता.

संध्याकाळी तिने श्रीपतीला सांगितलं. तो बँकेतला माणूस, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर तोडगा असतो.

"अगं, नवा करतेच आहेस ना? मग अगदी तसाच कर. त्यांना काय कळतंय? सांगितलंस तर उगाच जिवाला लागेल त्यांच्या. हे तुकडे दे फेकून आणि खलास."

"म्हणजे खोटं बोलू?"

"बोलू नकोस. नुसती गप्प बस."

गप्प बसायला इतकी मेहनत पडते हे तिला माहीत नव्हतं. तिने एक पातं मुद्दाम जाड ठेवलं. लाकूड जुनं दिसावं म्हणून चहाचं पाणी पाजलं, वरून होड्यांना लावतात ते माशाचं तेल चोळलं. मग बारीक ड्रिल घेऊन वाळवीची भोकं पाडायला बसली आणि एकेका भोकासरशी तिला स्वतःची किळस येत गेली. हाताला माशाचा वास यायचा, घास तोंडाशी नेववत नव्हता. ऑफिसात कोणी 'गुड वर्क' म्हटलं तरी ती दचकायची. तुकडे मात्र तिच्याने फेकवले नाहीत. त्यांचं खोकं गाडीच्या डिकीत तसंच राहिलं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी ती दोघं अल रुवैसला पोचली. गच्चीवर खाऱ्या वाऱ्याने कपडे फडफडत होते. चाचा ठेवणीतला पांढराशुभ्र, पायघोळ थोब घालून चटईवर बसले होते. सांगाडा उभा करून झाला, डायनामो बसला. पंखा चढवायच्या आधी त्यांनी तो मांडीवर मागून घेतला. त्याचा वास घेतला. जाड पात्यावरून हात फिरवला आणि हसले.

"ये वाला मोटा ही रह गया था. हम सब मज़ाक उड़ाते थे उसका."

आणि त्यांनी वाकून त्या पात्याचं चुंबन घेतलं.

श्रीपतीने मधुराकडे बघून हळूच मान हलवली, झालं म्हणून. वाळवीच्या खोट्या भोकांवर या माणसाचे ओठ टेकले होते.

"चाचा, वो अमान का नहीं है," ती म्हणाली. "मैंने बनाया है. उसका मैंने काट दिया. आपसे पूछा भी नहीं."

चाचांनी पंखा मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"टुकड़े हैं?"

श्रीपती खाली जाऊन खोकं घेऊन आला. तोही आता कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता. चाचांनी एकेक काप काढला, नंबर बघून चटईवर मांडला, शेजारच्याला चिकटवून घट्ट बसवला. अमानचा पंखा पुन्हा दिसायला लागला. मधुराला रडू फुटलं आणि त्यातच थोडी आशाही वाटली.

सगळे काप लागल्यावर चाचा सावकाश त्या पंख्याशेजारी उताणे झोपले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

"अमान ने ऐसे ही नापा था," आभाळाकडे बघत ते म्हणाले. "ज़मीन पे लेट के, हाथ फैला के. फिर मुझे लिटाया. दोनों का बराबर निकला."

त्यांची बोटं दोन्हीकडे पंख्याच्या टोकांपुढे गेली होती. त्यांनी मान वळवून एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे.

"कम है," ते म्हणाले. "बाकी किधर है, बेटी?"

करवतीने खाल्लेलं, पॉलिश पेपरने घासलेलं. मधुराला हिंदी सुचेना.

"भुसा झाला, चाचा," ती मराठीतच म्हणाली. "मी झाडून कचऱ्यात टाकला."

चाचांना मराठी येत नव्हतं. 'कचरा' मात्र कळला. त्यांनी पसरलेले हात हळूहळू जवळ घेतले.