मासे छापलेलं वेष्टण

शनिवारी सकाळी लेन कझ्मारेक स्वयंपाकघरात बसून आपल्या मुलीचं लिखाण नखानं सोलत होता.

लिखाण फार नव्हतं. वाफेच्या सिगारेटीत घालायच्या लिथियम सेलच्या वेष्टणावरची सूचना: 'सुटा सेल खिशात ठेवू नये. धातूच्या वस्तूंपासून दूर ठेवावा. आग लागण्याचा धोका.' अमेरिकेतल्या इरी शहरातल्या एका सेल विकणाऱ्या कंपनीत कोरीन अशा ओळी लिहीत असे. साहित्य शिकलेल्या माणसाला एवढा मोठा वाचकवर्ग सहसा लाभत नाही.

वेष्टण फाटलं की नवं चढवायचं, ही वाफेच्या शौकिनांची रीत. लेननं मासे छापलेली प्लॅस्टिकची नळी सेलवर सरकवली आणि हेअर ड्रायर लावला. नळी आक्रसून घट्ट बसली.

"बघ, कसा नवरदेव दिसतोय."

"आणि सूचना?" समोर बसलेल्या कोरीननं विचारलं.

"कचऱ्यात. तुझं सगळं तोंडपाठ आहे मला, वकीलसाहेब."

"मग खिशात काय खुळखुळतंय?"

त्यानं किल्ल्या, सुटी नाणी आणि दुसरा सेल काढून दाखवला. त्याचं वेष्टण एका बाजूनं फाटलं होतं. "याचा साजशृंगार संध्याकाळी."

"मी डबी दिली होती ना, डॅड?"

"झकास डबी आहे. गळ ठेवलेत त्यात. गळ खिशात टोचतात गं."

चाळीस वर्षांची सिगारेट त्यानं सोडली होती, खोकला गेला होता, त्यामुळे घरात त्याला बोलायची कुणाची छाती नव्हती. कोरीनच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण ती म्हणाली, "वापरणाऱ्यानं योग्य ती खबरदारी घ्यावी."

"वा, काय भाषा," लेन म्हणाला, आणि काढलेलं सगळं परत खिशात कोंबून मासे धरायला निघाला.

सरोवराच्या वाटेवर किल्ल्यांनी आपलं काम केलं. फाटक्या बाजूनं सेल शॉर्ट झाला, खिशानं पेट घेतला आणि पिकअप रस्ता सोडून झाडावर आदळली. पोलिसांनी पुढं सांगितलं की काळवंडलेल्या सेलवरची सूचना बरीचशी वाचता येत होती. शाई उत्तम प्रतीची होती.

दफनानंतरच्या जेवणाला कंपनीचे ग्रेडीसाहेब पांढरी फुलं घेऊन घरी आले.

"तू स्वतःला दोष देऊ नकोस, कोरीन. सूचना अगदी स्पष्ट होती."

"हो."

"वकिलांचंही तेच मत पडलं." त्यांनी बटाट्याच्या सॅलडचा एक घास घेतला. "तरी अक्षरं जरा मोठी करायचं ठरवलंय आम्ही. तुझ्या वडिलांच्या स्मरणार्थ म्हण हवं तर."

"त्यांना फार आवडलं असतं," ती म्हणाली. ग्रेडीसाहेबांना बरं वाटलं. त्यांनी आणखी सॅलड वाढून घेतलं.

सगळे गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. हेअर ड्रायर टेबलावर तसाच पडला होता, शेजारी मासेवाला सेल. तिनं पोलिसांनी परत केलेल्या त्याच्या सामानातून डबी काढली, गळ एका बशीत ओतले आणि सेल डबीत ठेवून झाकण लावलं. अगदी सूचनेबरहुकूम.

मग ती त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसली. आपली सगळी वाक्यं तिला आठवत होती. ठेवू नये, टाळावा, घ्यावी. त्यांत तिचं असं काहीच नव्हतं.

"डॅड," ती मोठ्यानं म्हणाली, "मला भीती वाटायची रे. तू जाशील म्हणून."