आत घ्यायचा श्वास

भात्याला ‘भाता’ हे नाव त्याच्या छातीमुळे पडलं. एका दमात तो कलिंगडाएवढा काचेचा गोळा फुगवायचा, असं कारखान्यात सांगितलं जाई. सांगणारा बहुतेक वेळा तो स्वतःच असे, तेव्हा कलिंगडातून थोडं वजा करायला हरकत नाही. पण मोठा गोळा फुगवावा तो भात्यानेच, यावर कुणाचं दुमत नव्हतं. धाकट्या भावाचंही नव्हतं, आणि धाकटा तर सकाळ झाली यावरही वाद घालणारा माणूस.

कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली. मधे भट्टी, भिंतीला टेकवलेल्या लोखंडी नळ्या, कोपऱ्यात काच घासायचं चाक, आणि पुढच्या अंगाला दुकान. दुकानात भात्याची बायको बसायची. तिच्या तावडीतून फुलदाणी न घेता सुटलेलं गिऱ्हाईक अजून कुणी पाहिलेलं नाही.

घरात सगळेच फुंकणारे. गुडघ्यांनी दगा देईपर्यंत भात्याची आत्याही भट्टीसमोर उभी राहिली होती. बायको तेवढी शिंप्याच्या घरातून आलेली. लग्नानंतर हौसेने तिच्या हातात नळी दिली, तेव्हा तिच्याकडून जे काही निघालं त्याला आत्याने ‘बटाटा’ म्हटलं, आणि तो विषय त्यानंतर वर्षानुवर्षं घराला पुरला.

या घराण्यात मुलांना अक्षरओळखीच्या आधी एक नियम शिकवत. नळी ओठाला लागली की श्वास बाहेर. आत घ्यायचा तो नाकाने, आणि तोही नळी लावायच्या आधी. नळीच्या दुसऱ्या टोकाला वितळलेली काच असते. तिथून हवा ओढली तर घसा भाजून निघेल. भात्याच्या वडिलांनी हा नियम समजावून सांगितला नव्हता, पाठीत धपाटा घालून शिकवला होता. असे नियम डोक्यात राहत नाहीत, थेट अंगात जाऊन बसतात.

अशा माणसाच्या छातीत हिवाळ्यापासून शिट्टी वाजू लागली. रात्री खोकला, सकाळी छातीवर कुणी बसल्यासारखं. भात्याने त्याला सर्दी म्हटलं. मग बदलती हवा म्हटलं. मग काहीच म्हटलं नाही. हट्टी माणसाच्या घरी आजाराची फार बडदास्त राहते, कारण त्याला जा म्हणणारं कुणी नसतं.

आणि नेमका तेव्हाच नाट्यगृहाचा व्यवस्थापक दारात आला.

नाट्यगृहाच्या दालनात मधोमध एक मोठा दिवा टांगलेला होता. त्याचा काचेचा गोळा भात्याच्या वडिलांनी फुंकलेला. रंगाऱ्यांची शिडी लागून तो फुटला. “साच्यातला मिळेल हो कुठेही,” व्यवस्थापक म्हणाला, “पण तो तसा दिसत नाही. तुमच्याच हातचा हवा.”

“झाला समजा,” भाता म्हणाला. भिडस्त माणसाला नाही म्हणता येत नाही, गर्विष्ठाला तर सुचतच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने काच घेतली, नळी फिरवत पहिली फुंकर घातली, दुसरी घातली. गोळा छान धरू लागला होता. तिसऱ्या फुंकरीला खोकला आला, आणि तो नळीतूनच गेला. गोळ्याला एका अंगाला असं टेंगूळ आलं की दाढ दुखणाऱ्याचा गालच. धाकट्याने पाहिलं. पहिल्यांदाच तो काही बोलला नाही. भात्याला त्या गप्प राहण्याची फार भीती वाटली.

बायकोने त्याच संध्याकाळी दुकानाला कुलूप लावलं. “चला डॉक्टरकडे.”

“अगं, साधा खोकला—”

“साधा असेल तर डॉक्टरीणबाई साधा आहे म्हणतील. चपला घाला.”

डॉक्टरीणबाई उंच, शांत आणि कायम घाईत असलेल्या होत्या. त्यांनी छाती तपासली आणि सरळ सांगितलं, “हा दमा आहे. फुप्फुसात हवा नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या आतून सुजल्यात. सुजल्या की चिडतात. मग जरा धूळ, जरा थंड हवा लागली की आवळतात.” त्यांनी तोंडात धरून दाबायचे औषधाचे दोन पंप दिले. निळा आवळलेली नळी त्या वेळेपुरती मोकळी करणारा, दम लागला तर घ्यायचा. तपकिरी सूज उतरवणारा, दम लागो न लागो, सकाळ-संध्याकाळ. घेऊन झालं की चूळ भरायची. घ्यायचा कसा ते त्या दाखवू लागल्या, तर भाता म्हणाला, “समजलं, समजलं.” ज्याचा जन्म नळी तोंडाला लावण्यात गेला त्याला नळी तोंडाला लावायची शिकवणी कोण देणार? बाहेर बरीच माणसं खोळंबली होती. बाईंनीही मान डोलावली.

आत्याला मात्र पंप पटला नाही. “एकदा लागला की सुटत नाही तो. आणि शेवटचा उपाय असतो म्हणे.”

“आत्या, शेवटचा उपाय पहिल्यांदाच कोण देईल?” बायको म्हणाली.

भात्याने पंप इमानाने घेतले. वेळ चुकवली नाही, चूळ भरली, आणि आराम म्हणाल तर शून्य. शिट्टी तशीच. उलट तोंडाला एक कडवट चव येऊन बसली. काही आठवडे गेले, तसा तो एका सकाळी दुकानात येऊन बायकोच्या शेजारी बसला.

“मी आजपासून इथे बसतो,” तो म्हणाला. “माझी नळी धाकट्याला दिली.”

“आणि नाट्यगृहाचा गोळा?”

“साच्यातला घेतील.”

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तिला रडू आलं. ते तिने शेजारच्या फुलदाणीवरची धूळ पुसत गिळलं, आणि दुपारी सगळं घर गोळा करून डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेऊन उभं केलं. धाकटा तक्रार करायला आला होता. आत्या ‘मी सांगत नव्हते’ असं म्हणायला आली होती.

बाईंनी आधी एक छोटं यंत्र दिलं. त्यात जोरात फुंकलं की काटा सरकतो, आणि नळ्या किती मोकळ्या आहेत ते कळतं. फुंकायचं म्हटल्यावर भात्याचा चेहरा उजळला. त्याने सगळा जीव लावला. काटा थोडा सरकला आणि बसला.

“बघू, मला द्या,” आत्या म्हणाली. बाईंनी तोंडात धरायची नळी बदलून दिली. आत्याने फुंकलं आणि काटा भात्याच्या खुणेच्या कितीतरी पुढे जाऊन थांबला.

भाता शरमेने अर्धा झाला. आत्याला मनातून आनंद झाला होता, आणि तो लपवायचा तिने फारसा प्रयत्नही केला नाही.

“औषध घेता ना?” बाईंनी विचारलं.

“एक वेळ चुकवलेली नाही.”

“घेऊन दाखवा.”

भात्याने पंप हलवला. नाकाने भरपूर श्वास घेतला. पंप ओठांत धरला, दाबला, आणि गाल फुगवून अशी सुरेख, लांब फुंकर घातली की ओठांच्या दोन्ही कडांनी पांढरा धूर बाहेर आला आणि बाईंच्या टेबलावर पसरला.

बाईंनी हाताने तो धूर बाजूला सारला. “तुम्ही फुंकताय.”

“मग काय करू?”

“श्वास आत घ्यायचा आहे हो! तोंडाने, सावकाश. औषध छातीत जायला हवं. तुम्ही इतके दिवस ते हवेत उडवताय.”

“ह्यात काय अवघड आहे,” धाकटा म्हणाला, आणि बाईंनी दिलेला सरावाचा रिकामा पंप घेऊन त्याने थाटात फुंकर घातली. आत्याने दुसरा घेतला, म्हणाली, “तुम्ही दोघं बाजूला व्हा,” आणि तिनेही फुंकलं. तिघंही एकमेकांकडे पाहू लागले. घराण्याचा धपाटा तिघांच्याही अंगात अजून जिवंत होता.

“तुम्ही बघा,” बाई बायकोला म्हणाल्या.

बायकोने पंप घेतला, श्वास हळू सोडला, ओठ मिटले, दाबता दाबता सावकाश आत ओढला आणि धरून ठेवला. पहिल्याच फटक्यात.

“वा!” बाई म्हणाल्या.

बायकोने श्वास सोडला आणि घराण्याकडे वळली. “बटाटा करणाऱ्या बाईला जमलं हो. आयुष्यभर हिला फुंकता येत नाही म्हणालात, आता तुमच्यातल्या एकाला तरी ओढता येतं का बघा.” धाकटा इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. भाताही हसला, हसता हसता खोकला, आणि खोकता खोकता पुन्हा हसला.

बाईही हसत होत्या, पण मग गंभीर झाल्या. “पहिल्याच दिवशी मी तुमच्याकडून करवून घ्यायला हवं होतं. घाईत राहिलं.” त्यांनी प्लॅस्टिकचं एक लांबट पारदर्शक भांडं काढलं. त्याच्या एका टोकाला पंप बसतो, दुसरं टोक तोंडात. औषध आधी भांड्यात उतरतं आणि तिथून शांतपणे श्वासाबरोबर आत घ्यायचं. भात्याने ते उजेडात धरून फिरवलं. “हे आम्ही काचेचं करून—”

“अजिबात नाही,” बाई म्हणाल्या.

घरी सकाळ-संध्याकाळ शाळा भरू लागली. भांडं ओठाला लागलं की भात्याचं अंग जुन्या वळणावर जाई आणि श्वास नाकाने सुरू होई. शेवटी बायकोने चिमटीत त्याचं नाक धरलं. “नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.”

“तुला शोभत दाही हे,” भाता म्हणाला. त्याला ‘तुला शोभत नाही’ म्हणायचं होतं.

“घ्या श्वास. आत. आत! आता धरा. सोडा. शाब्बास.”

शिंप्याची लेक शिकवायला कडक निघाली. ती उसवून पुन्हा शिवायला लावायची. पण ओढलेला श्वास छातीत थंडगार उतरतो हे भात्याला हळूहळू कळू लागलं. आधी रात्रीचा खोकला गेला. मग शिट्टी बारीक झाली. घासायच्या चाकाजवळ तोंडाला मास्क बांधायचा हे त्याने कुरकुरत का होईना मान्य केलं. निळा पंप खिशात नुसता पडून राहू लागला.

आणि बरं वाटू लागल्याबरोबर शहाण्याने तपकिरी बंद केला. “आता कशाला? मला काही होत नाही.” आठवडा उलटला नाही तोच शिट्टी परत आली. बायकोने आकाशपाताळ एक केलं नाही. ती त्याला भट्टीसमोर घेऊन गेली.

“सुट्टीच्या दिवशी ही का पेटती ठेवता?”

“विझली तर काच वितळवायची आतली मूस तडकते. पुन्हा तापवायला—” भाता बोलता बोलता थांबला.

“काच काढायची नसली तरी मंद ठेवायची. ना?”

“हो,” तो म्हणाला. “तपकिरी कुठे ठेवलाय?”

पुढच्या खेपेला यंत्राच्या काट्याने आत्याला मागे टाकलं. आत्या म्हणाली यंत्र बिघडलंय. डॉक्टरीणबाईंना भात्याने एकच प्रश्न विचारला, आणि तो विचारताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. “मी फुंकू का?”

“फुंकू नका असं मी कधी म्हटलं?” त्या म्हणाल्या. “फक्त एका दमाचा हट्ट सोडा. थांबत थांबत फुंका.”

गोळा करायच्या दिवशी धाकट्याने न बोलता नळी आणून त्याच्या हातात दिली. व्यवस्थापक बाकावर बसला होता, आत्या खुर्चीवर, बायको दाराशी. भात्याने काच घेतली. फिरवली. फुंकर घातली आणि नळी ओठापासून दूर करून निवांत श्वास घेतला. पुन्हा तापवली, पुन्हा फुंकर, पुन्हा श्वास. अशा थांबण्याला पूर्वी तो कमीपणा समजायचा. आता त्याला दिसलं की त्या थांबण्यात काच जास्त समान फिरते, आणि हात घाई करत नाहीत. गोळा वाढत गेला. खरबुजाएवढा झाला, कलिंगडाएवढा झाला, आणि या वेळी वजा करायला काही नव्हतं. धाकट्याने खालून आधार दिला, दोघांनी मिळून तो नळीपासून सोडवला आणि काच हळूहळू निवावी म्हणून असलेल्या बाजूच्या भट्टीत ठेवून दार लावलं.

सगळे खोकल्याची वाट पाहत होते. तो आलाच नाही.

“थोरल्याच्या तोडीचा झाला,” आत्या म्हणाली. थोरला म्हणजे भात्याचे वडील. आत्याने असं कुणाबद्दल कधी म्हटलं नव्हतं. भात्याचे डोळे भरले, आणि त्याचा दोष त्याने भट्टीच्या झळीवर ढकलला.

संध्याकाळी नवराबायको घरी निघाली. कारखान्यापासून घरापर्यंत खडा चढ आहे. हिवाळ्यापासून भाता तो थांबत थांबत चढायचा, आणि थांबायला निमित्त हवं म्हणून चपलांच्या दुकानात डोकावायचा. बायकोला ते ठाऊक होतं. तीही शेजारी उभी राहून नको असलेल्या चपलांच्या किमती विचारायची.

आज चपलांचं दुकान केव्हा मागे गेलं ते त्याला कळलंही नाही. तो बोलत होता. काच कशी आली, तिसऱ्या फुंकरीला तो मनातून कसा घाबरला, धाकट्याने आधार नेमका कसा दिला, सगळं तिला असं सांगत होता की जणू ती तिथे नव्हतीच. दोन्ही हात हवेत फिरवत, झपझप, वर वर. ती हसत होती, मधेच डोळे पुसत होती, आणि त्याच्या बरोबरीने चालायचा प्रयत्न करत होती. चढाच्या मध्यावर तिने कमरेवर हात ठेवला.

“अहो,” ती म्हणाली, “जरा थांबा ना. मला दम लागला.”

भाता थांबला. मागे वळून तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि तिचा श्वास जागेवर येईपर्यंत तिथेच उभा राहिला.