थांबवलेली चकती

"चकतीची मोटर कोणी बंद केली?"

मावशींनी विचारलं तेव्हा प्रयोगशाळेत नवे आलेले संशोधक डॉक्टर चहा ढवळत होते. "मी. थरथर येत होती. काल सुट्टी होती, म्हटलं निवांत बसून सगळे नमुने स्वतःच मोजू."

मावशी तशा त्या प्रयोगशाळेत कोणाच्याच मावशी नव्हत्या. पण बावीस वर्षं अतिनील लेसरचं यंत्र चालवून सगळ्यांच्या झाल्या होत्या. पदवी नव्हती, यंत्राचं काय बिनसलंय ते मात्र दारातूनच ओळखायच्या. तिथे बनणाऱ्या कार्बनच्या पातळ पापुद्र्यावर हिरवा लेसर टाकला तर आलेखात काजळीच पुढे पुढे करते. हिऱ्यासारखे घट्ट बंध किती आहेत, हे बघायला अतिनीलच लागतो. पण हा गडी भारी तापट. एकाच जागी रोखून धरला तर पापुद्रा जाळतो, त्याचं काजळीसारखं मऊ ग्रॅफाइट करतो आणि वर आलेखात ग्रॅफाइटच दाखवतो. म्हणून मावशी नमुना चकतीवर बसवून सतत फिरता ठेवायच्या.

"एका जागी किती वेळ ठेवलात?"

"अर्धा तास, पूर्ण ताकदीवर. आलेख बघा कसा स्वच्छ आलाय! नुसतं ग्रॅफाइट. तुमच्या भट्टीवालीनं सहा महिने काजळी धरलीय. तसा अहवाल कालच वर पाठवला."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भट्टीवाली म्हणजे निर्वात भट्टीत हे पापुद्रे बनवणारी बाई. सात वर्षं एकेका वर्षाच्या करारावर राबत होती. पुढचा करार द्यायचा की नाही, ते आजच अकराच्या बैठकीत ठरणार होतं.

त्यांनी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मधोमध तपकिरी डाग. जळलेला! मेल्यानं जाळला आणि तिच्या नावावर खपवला. मावशींनी मोटर सुरू केली, ताकद उतरवली आणि कोऱ्या जागेवर मोजायला घेतलं. कमी ताकदीवर वेळ लागतो. घड्याळाकडे बघत, ओठ चावत त्या बसल्या. शेवटी आलेखात डावीकडे हिऱ्यासारख्या बंधांचा तो रुंद, बुटका उंचवटा वर आला. पापुद्रा उत्तम होता.

डॉक्टरांनी आलेख पाहिला आणि कान कोरला. "हं. पण अहवाल तर गेला. आता मी कोणत्या तोंडानं परत मागू? पुढच्या खेपेला बघू."

"तुमचं तोंड राखायला तिच्या पोटावर पाय द्यायचा होय?" मावशी कडाडल्या. "अहो, लाज कशी वाटत नाही तुम्हाला!"

दार न वाजवताच त्या बैठकीत घुसल्या. दोन आलेख आणि डागाचा फोटो त्यांनी संचालकांपुढे आपटला. संचालकांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"चूक झालीय खरी," ते म्हणाले. "अहवाल दुरुस्त करून घेऊ. पण करार आत्ताच रद्द झाला, पत्रही गेलं. तिला म्हणावं, पुढच्या वर्षी अर्ज कर."

"काढायला पाच मिनिटं आणि परत घ्यायला वर्ष?"

सगळे पुढ्यातल्या कागदांत डोकं घालून बसले.

मावशी खाली आल्या तर भट्टीवाली प्रयोगशाळेच्या दाराशी उभी. कार्ड पुन्हा पुन्हा टेकवत होती आणि लाल दिवा लागत होता.

"पत्र वाचलं मी, मावशी," ती म्हणाली. डोळे सुजले होते. "पण सकाळी लावलेला पापुद्रा आत वाढतोय. एक वाजता वायू बंद करायचाय. असा अर्धवट टाकून कशी जाऊ?"

मावशींनी आपलं कार्ड टेकवून दार उघडलं. आतून डॉक्टर ओरडले, "अहो, तिला आता आत यायची परवानगी नाही!"

मावशींनी एक स्टूल ओढलं, उघड्या दारात मांडलं आणि त्यावर ठाण मांडून बसल्या. "जा गं तू. सावकाश कर. दार लावायला कोण येतो, ते मी बघते."

भट्टीवालीनं नाक पुसलं, हातमोजे चढवले आणि एकाच्या ठोक्याला वायूची एकेक झडप बंद करायला घेतली, रोजच्याच क्रमानं.