चौदा फुटांच्या घराची मोजकाठी

नियम हा मनुष्याच्या रक्षणासाठी जन्मास येतो, ही गोष्ट निर्विवाद आहे. ज्या नगरात नियम नाही, तेथे बलवान आपली भिंत पुढे सरकवतो आणि दुर्बळ रस्त्यावर येतो. परंतु नियम करणाऱ्याने ज्यांचे जीवन कधी पाहिलेच नाही, त्यांच्यावर तो नियम जाऊन पडला, तर शुद्ध हेतूनेही एखाद्याच्या डोक्यावरचे छप्पर हिरावले जाते. अशा वेळी नियम मोडणे सोपे असते आणि माणूस मोडणे तर त्याहूनही सोपे. ज्या हातांनी नियम लिहिला, त्याच हातांनी तो नम्रपणे पुन्हा उघडणे, हे मात्र फार कठीण. ते करणारी माणसे मला पाहावयास मिळाली, हे माझ्या आयुष्याचे भाग्य होय.

मित्रांनो, मी एक जुनी मोजकाठी आहे. माझी लांबी सहा फूट. माझा देह सागवानाचा असून दोन्ही टोकांना पितळी टोपणे आहेत. होटगीचे कल्लप्पा सुतार यांनी मला घडविले. चष्म्याची एक काडी तुटलेली, तेथे त्यांनी दोरा बांधला होता. तापलेल्या सुईने त्यांनी माझ्या अंगावर एकेक इंचाची खूण उमटविली. बहात्तर खुणा पूर्ण झाल्यावर त्यांनी मला कपाळाला लावले आणि म्हणाले, "बाय माझी, तू फकस्त लांबी सांगायची. बरं काय, वाईट काय, ते माणसानं सांगायचं. त्यात तू पडू नगं."

तो उपदेश मी आजवर विसरले नाही.

सोलापुरातील बांधकाम कचेरीत माझी नेमणूक झाली. तेथील ओव्हरसियर गुरुलिंगअण्णा हे माझे धनी. प्रातःकाळी स्नान करून, कपाळी विभूती लावून ते कचेरीत येत आणि प्रथम माझी टोपणे चिंचेने घासून लखलखीत करीत. आम्ही दोघे पायी हिंडत असू. गल्लीत शिरताच लोक म्हणत, "काठी आली, काठी आली!" आणि रस्त्यात आलेल्या बाजा, घागरी झटपट आत जात. त्या मानाने मी थोडी फुगले होते, हे कबूल केले पाहिजे.

त्या काळी शहराबाहेरच्या माळावर नवी वस्ती वसवावयाची होती. तिचे पोटनियम आबासाहेबांनी लिहिले होते. आबासाहेब बांधकाम समितीचे प्रमुख. प्लेगाच्या वर्षी त्यांची पत्नी आणि धाकटी बहीण एकाच अंधाऱ्या खोलीत आठ दिवसांच्या अंतराने गेल्या. म्हणून नव्या वस्तीत कोणाच्याही घरात कोंदट अंधार असू नये, असा त्यांनी निश्चय केला. आगगाडीच्या स्टेशनाजवळचे साहेबांचे बंगले पाहून त्यांनी नियम केले. घराची रुंदी तीस फुटांहून कमी नसावी. चारी बाजूंस मोकळी जागा असावी. एका घरात एकच कुटुंब आणि एकच चूल असावी, तसेच राहत्या घरात कोणताही धंदा नसावा.

हेतू किती निर्मळ होता! परंतु चार वर्षांत माळावर सातच बंगले उभे राहिले. जुन्या गल्ल्यांत मात्र वैराग, करमाळ्याकडून गिरण्यांत आलेली माणसे एकेका खोलीत दहा-बाराच्या संख्येने राहत होती. माळावर वारा मोकळा होता, आणि तो घ्यावयास तेथे माणूस नव्हता.

सन एकोणीसशे सत्तावीसच्या माघात आम्ही अक्कम्माच्या दारी गेलो.

अक्कम्मा ही विणकर विधवा. आजवर ती लहान मुलासह जुन्या गल्लीत भाड्याने राहत होती. ती खोली कोंदट म्हणून रिकामी करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा माळाच्या कडेला सासऱ्याच्या वाटणीतून आलेल्या एका चिंचोळ्या पट्टीवर तिने घर बांधावयास घेतले. त्याच गल्लीत राहणारा, गिरणीत काम करणारा करमाळ्याचा हिंदुराव आणि त्याची बायको सारजाबाई यांनी भिंती रचण्यास हात दिला, आणि त्या श्रमाच्या बदल्यात वरची खोली त्यांची, असे ठरले. परवानगीचा अर्ज तीनदा परत आला होता. तरी डोक्यावर छप्पर तर हवेच, म्हणून घर उभे राहिले.

गुरुलिंगअण्णांनी मला भिंतीशी लावले. दोन काठ्या आणि वर दोन फूट.

"अक्कम्मा, रुंदी चौदा फूट भरली. तीस पाहिजे," ते हळू आवाजात म्हणाले.

"मग राहिलेली सोळा तुमीच आणा की अण्णा."

"थट्टा नको, अक्का."

"थट्टा कोण करतंय? ह्या अंगाला वाण्याची भिंत, त्या अंगाला ओढा. कुणाला सरकवू? ओढ्याला?"

अण्णा आत गेले. पुढच्या खोलीत हातमाग होता, म्हणजे घरात धंदा. खाली एक चूल, वर दुसरी.

"चूल तरी एकच करा. निदान एक दोष कमी होईल."

जिन्यावर उभी असलेली सारजाबाई खुदकन हसली. "अण्णा, अक्का लिंगायत, आमी मराठे. आमच्या कालवणाचा वास ह्यांच्या चुलीला कसा चालंल? चूल एक केली तर रोज भांडणं किती हुतील, त्येचाबी नियम केलाय का सायबांनी?"

"अगं, गप बस की," म्हणत हिंदुराव अण्णांकडे पाहून कसनुसा हसला. कारण त्याची बायको खरे तेच बोलली होती.

अण्णांना हसू आले नाही. नियमाप्रमाणे त्यांनी नोटीस लिहिली. एका महिन्याच्या आत घर उतरवावे. अक्कम्माने कागद घेतला, घडी घातली आणि देवाच्या कोनाड्यात ठेवला. परसातील भिंतीला गिलावा व्हावयाचा होता. तिकडे पाहून ती म्हणाली, "घर राहील तवाच लिंपीन. पडायचं असलं तर चिखल कशाला वाया घालू?"

मित्रांनो, त्या दिवशी प्रथमच माझे इंच मला जड वाटले. मी खोटे बोलले नव्हते. चौदा म्हणजे चौदाच. परंतु खरे बोलूनही कोणाचे घर पडते, हे मला ठाऊक नव्हते.

गुरुलिंगअण्णा नियम मोडणारे नव्हते. त्यांनी आबासाहेबांना दोन ओळी लिहिल्या, "आपण एकवार ते घर स्वतः पाहावे. नंतर जी आज्ञा होईल ती मी पाळीन." एवढेच. वरिष्ठाला असे लिहिण्यास त्या काळी किती धैर्य लागे, याची तुम्हांस कल्पना नाही.

आबासाहेब आले ते सकाळी, ऊन चढण्यापूर्वी. नेमकी त्याच वेळी अक्कम्माच्या घरी पांजणी चालू होती. लुगड्याचे उभे धागे लांब ताणून, त्यांना ज्वारीच्या पिठाची खळ लावून कुंच्याने विंचरावयाचे, याला पांजणी म्हणतात. तो ताणा पुढच्या दारापासून माजघरातून थेट परसापर्यंत गेला होता. एका टोकाला रात्रपाळीहून परतलेला हिंदुराव, दुसऱ्या टोकाला सारजाबाई आणि मध्ये कुंचा घेतलेली अक्कम्मा.

"बर्री साहेब, या या," अक्कम्मा हात न थांबवता म्हणाली. "पर थोडं उभं राहावं लागंल. खळ वाळली की धागा चिकटतोय, आन् चिकटला की तुटतोय."

आबासाहेबांनी जोडे काढले आणि भिंतीला लागून उभे राहिले. मोठ्या माणसाने असे तासभर उभे राहणे मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

पांजणी संपल्यावर ते म्हणाले, "बाई, घर थोडे चौकोनी का नाही बांधले?"

"साहेब, तुमचं घर बसायला हाय. आमचं घर ताणायला हाय. ताणा कुटं चौकोनी असतोय का? हे मोजा की."

अण्णांनी मला ताण्याशेजारी धरले. आठ काठ्या, म्हणजे अठ्ठेचाळीस फूट.

"पैले आमी रस्त्यावर ताणत हुतो," हिंदुराव म्हणाला, "तर टांगेवाल्यांनी तक्रार केली. कचेरीनं हुकूम काढला, ताणा घरात न्या. आता घरात नेला, तर घर लांबोडं हाय म्हणून घर पाडा म्हणत्यात. ताण्यानं जायचं तरी कुटं?"

आबासाहेब अण्णांकडे वळले. "तो हुकूमही आपल्याच कचेरीचा?"

"होय साहेब. त्यावर आपलीच सही आहे."

आबासाहेब शांतपणे म्हणाले, "बाई, कोणाचे घर पडावे म्हणून मी नियम केले नाहीत. अंधाऱ्या खोलीत माणसे कशी जातात, हे मी पाहिले आहे."

"मीबी पाहिलंय की साहेब. माझा दीर तसाच गेला." अक्कम्माने माजघराच्या मध्यभागी, दोन्ही दारांपासून दूर, तुळईला एक सुटा धागा बांधून खाली सोडला. "तुमचा नियम हवेसाठीच हाय न्हवं? मग रुंदी कशाला मोजता? हवा मोजा."

ताणा सरळ जावा म्हणून त्या घराची सारी दारे एका रेषेत होती. परसातून आलेली झुळूक त्याच वाटेने पुढच्या दाराकडे निघाली होती. धागा हलला. थांबला, पुन्हा हलला. आबासाहेब त्याच्याकडे टक लावून पाहत राहिले. निघताना त्यांनी हात पुढे केला. "असा एक धागा मला द्याल?"

पुढील आठवड्यात समितीची बैठक भरली. मी कोपऱ्यात उभी होते. एक सभासद म्हणाले, "आज चौदा फुटांचे घर, उद्या दहा फुटांचे. वस्तीची शोभा काय राहील?"

आबासाहेबांनी खिशातून तो धागा काढून मेजावर ठेवला. "माझे घर पन्नास फूट रुंद आहे. सर्व नियमांत बसते. हा धागा मी माझ्या माजघरात तीन दिवस टांगला होता. तो हलला नाही. गृहस्थहो, त्या विणकर बाईच्या घरात तो हलतो. मी जे मोजावयास हवे होते ते मोजले नाही, आणि जे मोजले ते माझ्या बंगल्याच्या आवडीने मोजले. चूक काठीची नव्हे, माझी आहे."

त्या वेळी मला कल्लप्पा सुतारांचे शब्द आठवले. बरे-वाईट माणसाने सांगावयाचे असते. माणसाने ते सांगितले होते, आणि तेही स्वतःविषयी.

नोटीस स्थगित झाली, परंतु नियम बदलण्यास अकरा महिने लागले. वाद झाले, कागद वर गेले, परत आले. तोवर अक्कम्माच्या परसातील भिंत तशीच उघडी होती. अखेर नवे पोटनियम झाले. दोन्ही टोकांस दारे-खिडक्या आणि मागे मोकळे परस असेल, तर अरुंद घरास मुभा मिळाली. धूर जाण्यास वेगळी वाट असेल तर एका घरात दोन चुली चालतील, घरात हातमाग चालेल, आणि समाईक अंगणाभोवती लहान खोल्याही बांधता येतील, असे ठरले. गुरुलिंगअण्णा स्वतः तो कागद घेऊन अक्कम्माकडे गेले. तिने कागद वाचावयास लावला नाही. तिने विचारले, "लिंपू का?"

"लिंपा, अक्का."

तिने पदर खोचला आणि त्याच घटकेला चिखल कालविला. सारजाबाई शेण आणावयास धावली. हिंदुराव मात्र ओट्यावर बसून कितीतरी वेळ डोळे पुसत होता.

त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातील सर्वोत्तम होत. मी माळावर किती घरे मोजली! विणकरांची लांबट घरे, गिरणी कामगारांची दुमजली घरे, एका अंगणाभोवती राहणाऱ्या एकट्या बायकांच्या खोल्या. प्रत्येक घरात अण्णा आधी धागा टांगीत आणि मग मला काढीत. माझा मान दुसरा झाला होता, आणि त्याचे मला मुळीच दुःख नव्हते.

पुढे कचेरीत पोलादी फीत आली. मी कोपऱ्यात गेले. माझ्या टोकाला फडके बांधून जळमटे काढू लागले. पितळ काळवंडले. दोन वर्षे मला कोणी पुसले नाही. निवृत्तीच्या दिवशी गुरुलिंगअण्णांनी हार स्वीकारला आणि एकच मागणे केले, ही जुनी काठी मला द्यावी.

ते मला स्वतःच्या घरी घेऊन गेले नाहीत. थेट अक्कम्माच्या दारी आले. आता ती थकली आहे, आणि मागावर तिची सून महानंदा बसते. पांजणीच्या वेळी धागे एकमेकांत गुंतू नयेत म्हणून मला ताण्यात आडवी घालतात. एके काळी ज्या घराला मी अपुरे ठरविले, त्या घराने मला आपल्या कामात सामावून घेतले. याहून मोठी क्षमा कोणती?

मित्रांनो, मापाचा आदर करा. जुनी साधने कोपऱ्यात टाकण्यापूर्वी त्यांच्यावरची धूळ एकदा पुसा. परंतु कोणी मापात बसत नाही असे दिसले, तर त्याला दूर लोटण्याआधी, आपण नेमके काय मोजतो आहोत, हे स्वतःला विचारा.

आबासाहेब आज हयात नाहीत. शेवटच्या वर्षी त्यांनी आपल्या माजघराला एक नवी खिडकी पाडून घेतली होती, असे अण्णा सांगत. त्यांच्या आत्म्यास शांती लाभो. गुरुलिंगअण्णांना दीर्घायुष्य लाभो. अक्कम्माच्या घरातील दोन्ही चुली पेटत्या राहोत, आणि ज्या ज्या घरी माणसे विसावतात, त्या प्रत्येक माजघरातील धागा असाच हलत राहो.