आसेगाव फाट्यावरचा बाण

खिडकीमागच्या मुलीनं यादी दुसऱ्यांदा वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाली, "काका, विमलबाई नावाची नोंदच नाही."

पंजाबरावांनी फोनवरचा मेसेज पुढे केला. आजची तारीख, दहाची वेळ, डॉक्टरांचं नाव, सगळं त्यात होतं. मुलीनं मेसेज पाठवणाऱ्याचा नंबर पाहिला आणि आवाज खाली आणून सांगितलं, हा नंबर आमच्या रुग्णालयाचा नाही. या महिन्यात असे तुम्ही चौथे.

मागे बाकावर त्यांच्या पत्नी विमलबाई मांडीवर फाइल घेऊन बसल्या होत्या. गळ्यावरची गाठ पदराखाली झाकलेली.

"काय म्हनते पोरगी? कवा घेतात आत?"

"घेतात. जराशी थांब," पंजाबराव म्हणाले.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या डॉक्टरांनी अकोल्याच्या या रुग्णालयाच्या छापील कागदावर चिठ्ठी दिली होती की तिथं दाखवा, उशीर करू नका. त्याच दिवशी पंजाबरावांनी फोनवर रुग्णालयाचं नाव टाकलं. सगळ्यात वर एक जाहिरात आली आणि तिच्यात रुग्णालयाचा इंटरनेटवरचा पत्ता. पंजाबराव पेंटर. तीस वर्षं मालेगाव, केनवड, आसेगावच्या रस्त्यांवर त्यांनी गावांची नावं आणि बाण रंगवले. त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठीवर छापलेला पत्ता शेजारी धरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून दोन्ही जुळवले. टिंबासकट एकच होते. मग जाहिरात दाबली. आत पान उघडल्यावर त्यांनी पत्ता पुन्हा पाहिला नाही. फाट्यावर पाटी वाचून वळलेला माणूस पुढे कोणाला गावाचं नाव विचारत नाही.

त्या पानानं फी घेतली आणि तारीख दिली. मग डॉक्टर रजेवर आहेत म्हणून दुसरी, मग तिसरी. सात आठवडे गेले. वाशीमला नोकरीला असलेली मुलगी स्नेहा म्हणत होती, बाबा, आपण तसंच जाऊन बसू. पंजाबराव म्हणाले होते, नंबर लागला आहे, आजारी बाईला रांगेत कशाला उभं करायचं.

खिडकीवरच्या मुलीनं त्या दिवशी त्यांना आत पाठवलं. डॉक्टरांनी तपासलं, विमलबाईंना बाहेर बसवलं आणि सांगितलं, दोन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर ऑपरेशन करता आलं असतं.

विमलबाईंना पंजाबरावांनी काही सांगितलं नाही. घरी कोणी तारखांचा विषय काढला की त्याच समजूत घालायच्या, "डॉक्टरलेबी लेकरंबाळं असतात. सुटी घेतली असन बिचाऱ्यानं." पंजाबराव ऐकून घ्यायचे. पोळ्याच्या आठवड्यात त्या गेल्या.

विमलबाईंसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दुसऱ्या दिवशी स्नेहानं वडिलांना शेजारी बसवून तीच जाहिरात दाखवली. खाली रुग्णालयाचा पत्ता होता. तिनं दाबलं. पान उघडलं, तेव्हा वरच्या पट्टीत भलताच पत्ता होता.

पंजाबरावांनी तिला चारदा तसं करायला लावलं.

"मंजे पाटीवर आसेगाव अन् रस्ता दुसरीकडं?"

"हो बाबा. पाटीवर काय लिहाचं ते त्याइच्याच हातात असते."

"अन् जो पाटी लावू देते, तो पाहत नाही काय?"

"त्याले भाडं भेटते, बाबा."

पंजाबराव उठून ओसरीत जाऊन बसले.

एकदा त्यांच्याही हातून बाण चुकला होता. आसेगाव फाट्यावरच्या नव्या पाटीवर डावीकडचा बाण उजवीकडे झाला. चार दिवसांनी चहाच्या टपरीवर देवला जीपवाला म्हणाला, "पंजाबभाऊ, तुमच्या बाणानं आमाले भलत्याच लग्नात नेलं. जेवूनच आलो मंग." सगळे हसले. पंजाबरावांनीही घरी ताटावर बसून हसत हसत ते सांगितलं. विमलबाईंनी वाढता हात थांबवला.

"देवला हासला. उद्या एखादी अडलेली बाई असन त्या गाडीत. पह्यले बाण नीट करून या, मंग जेवा."

ते डबा-ब्रश घेऊन भर उन्हात गेले. परतले तेव्हा चार वाजले होते आणि विमलबाई उपाशीच बसल्या होत्या.

स्नेहानं जाहिरातीखाली तक्रारीचं बटण दाबलं. लगेच आभार मानणारा मजकूर आला. पोलिसांनी अर्ज घेतला, पोच दिली. जाहिरात दोन दिवस दिसली नाही. तिसऱ्या दिवशी परत आली, खाली तोच पत्ता.

परवा शेजारच्या लिलाबाई भावाला अकोल्याला न्यायचं म्हणून विचारायला आल्या. पंजाबरावांनी त्यांना रुग्णालयाच्या खिडकीवर लिहिलेला खरा फोन नंबर पुठ्ठ्यावर ब्रशनं लिहून दिला आणि बजावलं, "फोनात पाहू नका. हा पुठ्ठा घेऊन सरळ जा."

रोज सकाळी चहाच्या आधी ते फोनवर रुग्णालयाचं नाव टाकतात. जाहिरात वर येते. पत्ता अक्षरन् अक्षर बरोबर असतो. ते तक्रारीचं बटण दाबतात, आभार येतात. ही पाटी पुसायला डबा-ब्रश घेऊन कोणत्या फाट्यावर जायचं, ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही. जाहिरात अजून उतरलेली नाही.