जेरचं डबकं

बस इथं, या दगडावर. ओला नाही तो, घाबरू नकोस. पाच आठवडे थेंब पडलेला नाही. चहा धर. आणि ऐक, एक गोष्ट सांगतो तुला. खोटी वाटली तर हे समोरचे वेल आहेत साक्षीला, त्यांना विचार. ज्या माणसानं जन्मभर जमिनीतलं पाणी बाहेर काढलं, त्यालाच म्हातारपणी तेच पाणी अडवून धरावं लागलं, त्याची ही गोष्ट. तो माणूस म्हणजे मीच. जेर कॉटर. शाळा बाराव्या वर्षी सोडली, फावडं बहात्तराव्या वर्षीही सोडलेलं नाही.

हे शेत क्रोनिनांचं. गाव याला लव्हाळ्याचं शेत म्हणायचा, कारण लव्हाळ्याशिवाय इथं काही उगवायचंच नाही. त्या वरच्या बांधाखाली झरा आहे. दिसत नाही, पण पूर्वी इथं पाय टाकला की बूट जमिनीत आणि तू मोज्यावर. दिनी क्रोनिन, माझा दोस्त, देव त्याला बऱ्या जागी ठेवो, त्यानं आणि मी एकोणऐंशी साली इथं चार चर खणले. उताराला आडवे, कमरेएवढे खोल. तळाला दगड, बाजूंना दगड, वर चपट्या दगडांची झाकणं, त्यावर माती. यंत्र नाही, काही नाही. दोन माणसं आणि दोन फावडी. चारही चर त्या कडेच्या नाल्यात उतरतात आणि नाला जातो समुद्राला. दोन वर्षांत शेत असं कोरडं झालं की दिनीनं इथं बार्ली काढली. इथून पार यॉल गावापर्यंत कोणालाही विचार, कॉटरचा चर कसा असतो ते.

एक खोट मात्र राहिली. तिसऱ्या चरात, बरोबर मधोमध, एक सांधा मी वाकडा बसवला. आदल्या दिवशी जत्रेला गेलो होतो, जास्त विचारू नकोस. तिथून पाणी झिरपतं. चार-पाच खाटांएवढी जागा कायम ओली, आणि त्यात लव्हाळं. दिनी पाहुण्यांना मुद्दाम तिथं न्यायचा. "हे बघा, जेरचं डबकं!" पंचेचाळीस वर्षं ऐकलंय मी ते. दिनी गेला, नाव राहिलं.

दिनीची दोन पोरं. थोरला फिनबार, नव्वद गायींचा धनी, बोलायला लागला तर एका वाक्याला आठवडा लावतो. धाकटी डेर्वला. ती जर्मनीत दहा वर्षं द्राक्षाच्या मळ्यांत राबली आणि परत आली ती डोक्यात वेल घेऊनच. शेताच्या वरच्या अर्ध्यात दोनशे वेल लावले तिनं. गाव हसला. आयर्लंडात द्राक्षं! पुढं काय, केळी? पण वेल जगले, आणि माझ्या चरांमुळंच जगले, कारण वेलाला पाय ओले राहिलेले चालत नाहीत. हे मी नाही, तीच सांगते सगळ्यांना.

मग तिनं खालचा अर्धा भाग मागितला. शेत बापानं दोघांच्या नावावर ठेवलेलं. फिनबारनं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

"किती लावणार?"

"तीनशे."

"मेच्या शेवटच्या रविवारी मी मोजीन. अडीचशे जिवंत असले तर खालचा भाग तुझा, परत तोंड उघडणार नाही. नसले तर फाटक उघडून गायी सोडीन."

"सोड," डेर्वला म्हणाली. "तीनशेच्या तीनशे मोजशील."

हे झालं गेल्या वर्षी, फेब्रुवारीत. आणि फेब्रुवारीपासूनच आकाश असं निळं, की वाटावं कोणी धुऊन वाळत घातलंय.

आता माझी चूक ऐक. मार्चात सेंट पॅट्रिकच्या सणाला सगळा गाव मिरवणूक बघायला जातो. मी जात नाही. मी चर साफ करतो. चारही चरांच्या तोंडात आकडा घालून मागच्या वर्षीचा गाळ ओढतो, मुळ्या ओढतो, पाणी खळखळ वाहायला लागलं की घरी. पंचेचाळीस वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही. गेल्या वर्षीही नाही. जमीन भेगाळायला आली होती, आणि हा शहाणा गुडघ्यावर बसून पाण्याला वाट करून देतोय! मनात आलंच नाही. पाऊस येणार, येणार म्हणजे येणारच, या देशात दुसरा विचार डोक्यात शिरतच नाही. इतके झकास साफ केले, की शिट्टी वाजवत घरी गेलो.

एप्रिलच्या मध्यावर कलमं आली. पेन्सिलीएवढ्या काड्या, टोकाला मेण लावलेल्या. सहा दिवस डेर्वलानं आणि मी लावली. वरचे जुने वेल तर उन्हानं वेडे झाले होते, डोळे तीन आठवडे लवकर फुटले. पण त्यांची मुळं खोल. या नव्या काड्यांची मुळं करंगळीएवढी, आणि वीतभर खाली सगळी धूळ.

गावाची मात्र चैन. लोकांची नाकं सोललेली, पांढऱ्या पोटऱ्या लाल झालेल्या. आमच्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी बाळयेशूची मूर्ती कुंपणात ठेवतात, म्हणजे पाऊस थांबतो. दुकानवाली नोरीन फोली गल्ल्यावरून ओरडायची, "कोणाच्या घरचा बाळयेशू अजून बाहेर आहे? आत घ्या रे त्याला! पोर भाजून निघालं असेल!"

सगळे हसायचे. डेर्वला हसायची नाही. घरची विहीर आटली. सरकारनं नळीनं पाणी द्यायला बंदी घातली. आम्ही ट्रॅक्टरवर पिंप ठेवून खालच्या ओढ्यावरून पाणी आणायचो, वेलागणिक एक मग. तीनशे मग. शेवटच्या वेलापर्यंत पोचेस्तोवर पहिला परत सुकलेला. मेच्या सुरुवातीला पानांनी माना टाकल्या. फिनबार रोज संध्याकाळी फाटकाशी यायचा, कठड्यावर कोपर टेकायचा, सुकलेल्या रांगांकडं बघून जायचा. त्याच्या गायीसुद्धा बघायच्या. त्यांना तर सगळं कळलेलंच होतं, असं वाटायचं.

"पोरी, तू झोपतेस का?" मी विचारलं तिला एकदा.

"तू झोपतोस का?"

"मी म्हातारा, मला झोप लागत नाहीच."

"मग मी म्हातारी झालेय असं समज," ती म्हणाली आणि तिनं पाण्याचा मग उचलला.

नऊ मेची गोष्ट. दुपारचा मी एकटाच रांगेतून चाललो होतो, मेलेले किती ते बघत. एक सुकलेला, दोन सुकलेले, चार सुकलेले. आणि मधोमध येऊन थबकलो. सात वेल. ताठ. पान तळहाताएवढं, शेंडा पहिल्या तारेला पोचलेला, तारेला विळखा घातलेला. म्हटलं, यांना कोण वेगळं पाजतंय? खाली बघितलं तर लावणीच्या वेळी कापलेलं लव्हाळं परत फुटलेलं. पाय उचलला तर पचक असा आवाज.

मी माझ्याच डबक्यात उभा होतो.

तिथंच खाली बसलो, चड्डी ओली झाली तरी बसलो. मग उठून नाल्याशी गेलो. चराच्या तोंडाशी कान लावला. करंगळीएवढी धार, बाबा. एवढ्या दुष्काळातही झरा चालूच होता. आणि ते सगळं पाणी, फेब्रुवारीपासून, आपल्या वेलांच्या पायाखालून समुद्राला. वाट कोणी साफ करून दिलेली? या हातांनी.

डेर्वला पिंप भरून आली. मी टोपी काढली.

"तुला एक सांगायचंय. शिव्या नंतर दे."

"कोण मेलं?"

"कोणी नाही. मी सेंट पॅट्रिकला चर साफ केले."

"दरवर्षी करतोस."

"होय ना. म्हणून तर." आणि मी तिला डबक्याशी नेलं.

तिनं ते सात वेल बघितले. खाली वाकून बोट मातीत खुपसलं. मग एकदम असं हसली, की पलीकडच्या गायींनी माना वर केल्या.

"जेर कॉटर! आयुष्यात एक सांधा चुकवलास, आणि तोच तेवढा बरोबर निघाला!"

"पुरे आता."

"बाबा असते तर..."

"तो अजून हसतोय. मला ऐकू येतं. चल, फळ्या शोध."

दिनीच्या जुन्या गोठ्याचं ओकचं दार होतं. त्यातून चार फळ्या कापल्या. तुला खरं सांगू? पहिली फळी चराच्या तोंडात बसवताना हात चालेना. चर बंद करायचा म्हणजे काय, कोणी तुला सांगावं की स्वतःच्या पोराच्या तोंडावर हात ठेव. जन्मभर मी लोकांना शिव्या दिल्या, तुमचे चर तुंबलेत म्हणून. आणि आता मी स्वतः कडांना चिकणमाती थापतोय, टाचेनं दाबतोय. डेर्वला बघत होती. "मी करू का?" म्हणाली. म्हटलं, "बाजूला हो. माझा चर आहे, मीच बुजवणार."

चारही बुजवले. मग वाट बघितली. पिंपानं पाणी आणणं चालूच. पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डेर्वलानं फोन केला. एवढंच म्हणाली, "ये."

शेतावर चार काळ्या रेघा उमटल्या होत्या. आडव्या, सरळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पाणी चरात मागं भरत गेलं होतं आणि ओल वर चढली होती. पंचेचाळीस वर्षं जमिनीखाली पुरलेलं माझं काम, पहिल्यांदा डोळ्यांना दिसत होतं. दोरी लावून आखल्यासारखं. एक वाकडं वळण नाही, बाबा. तिसऱ्यात मधोमध सोडून. मी तिथं उभा राहिलो आणि चष्मा पुसला. धूळ फार होती.

मेचा शेवटचा रविवार. फिनबार चर्चहून थेट आला, चांगला कोट घातलेला. डेर्वला वरच्या रांगेत काड्या बांधत बसली. बांधून झालेल्याच काड्या परत सोडून बांधत होती. खाली बघायला तयार नाही.

फिनबारनं मोजायला सुरुवात केली. मोठ्यानं. प्रत्येक वेलापाशी थांबायचा. एक काडी पार वाळलेली दिसत होती, मला वाटलं ही सोडणार. त्यानं खिशातून चष्मा काढला, नखानं साल खरवडली. खाली हिरवं.

"एकशे त्र्याण्णव," म्हणाला आणि पुढं गेला.

बघ, गडी चिवट असेल, पण लबाड नाही.

दोनशे एकोणपन्नासाला तो थांबला. त्यानं नाक शिंकरलं, रुमाल घडी करून ठेवला. "दोनशे पन्नास." तरी थांबेना. शेवटपर्यंत गेला. दोनशे एकसष्ट.

मग परत मधोमध आला. त्या सात वेलांपाशी. त्याचा चर्चचा बूट आत रुतला.

"हे जेरचं डबकं ना?"

"तेच."

"बाकीची ओल कुठून आली?"

"बाकीचे तिन्ही चर आता डबक्यासारखेच केलेत," मी म्हटलं. "नीट बांधलेले होते, त्याला मी काय करू?"

त्यानं शेताकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत. त्याच्या बापानं आणि मी खणलेलं शेत. गायी पलीकडं उभ्याच होत्या.

"वाईट नाही," म्हणाला.

तू बाहेरचा, तुला वाटेल एवढंच? फिनबार क्रोनिननं स्वतःच्या लग्नातही एवढं कौतुक केलं नव्हतं. मग फाटकाशी गेला, फाटक ओढून लावलं, खिशातून निळी सुतळी काढली आणि स्वतःच्या हातानं तीन गाठी मारल्या. वरून डेर्वलानं एक आरोळी ठोकली. तेव्हा कळलं, ती सगळं बघत होती.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला, विचारू नकोस. मी पायजम्यावर धावत येऊन फळ्या काढल्या, नाहीतर तेच वेल बुडाले असते.

आता डेर्वला लोकांना मळा दाखवते तेव्हा वरचे जुने वेल नंतर. आधी मधोमध नेते. "हे जेरचं डबकं," म्हणते, अगदी बापाच्या आवाजात. मी मागं उभा असतो. टोपी सरळ करतो.

या वर्षी परत तसंच कोरडं पडलंय, बघतोस ना. फळ्या शुक्रवारीच बसवल्या. वरच्या दोन मी बघितल्या, चौथीही बघितली. तिसरी जरा सैल वाटत होती. माझे गुडघे आता नाल्यात उतरू देत नाहीत, आणि डेर्वलाला सांगितलं तर ती मलाच घरी पाठवील. तू जातोच आहेस खालच्या वाटेनं. तेवढा वाकून तिसऱ्या चराच्या तोंडाशी हात लाव, आणि बोटाला धार लागली तर कडेची माती टाचेनं घट्ट दाबून जा.