खालच्या ओळीतलं नाव

केशवराव वकील परवा छापखान्यात आले होते. दिल्लीत देशाची घटना तयार होते आहे, तीत माणसाला बोलायचा, लिहायचा, धंदा करायचा हक्क लिहून मिळणार, असं त्यांनी पेपरातून वाचून दाखवलं.

मी विचारलं, "मग पत्रकाखाली छापणाऱ्याचं नाव घालायची सक्ती जाईल म्हणा की."

"ती राहील असं वाटतं, आण्णा. बोला म्हणतील, पण नाव सांगून बोला."

ऐकून मला बरं वाटलं. केशवराव हसले. त्या एका ओळीपायी मी तुरुंगात जायच्या बेतात होतो आणि तो खटला त्यांनीच चालवला होता. "हे लिहून काढा," म्हणाले. बायको जाऊन आठ महिने झाले. तिच्याबद्दल बोलायला लागलो की समोरचा माणूस तंबाखूचा भाव विचारतो. म्हणून लिहितो.

माझा छापखाना निपाणीत. पायानं चालवायचं एक मशीन आणि शिशाच्या अक्षरांचे, म्हणजे खिळ्यांचे, चार खण. विडीची लेबलं आणि लग्नपत्रिका यांवर आमचं पोट. बायको सदलग्याची. लग्न झालं तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. मी खिळे हातात देऊनच तिला शिकवलं. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं असतं, त्यामुळं तिला अक्षरं आधी उलटी आली, मग सुलटी. वर्षभरात तिचा हात माझ्यापेक्षा जलद झाला. लग्नपत्रिका जुळवताना म्हणायची, "ह्या पोरीचा नवरा लई शिकलेला दिसतोय, पदवीच दीड ओळ खातीय."

एकच गोष्ट ती जुळवत नसे. प्रत्येक कागदाखाली 'हे पत्रक अमुक यांनी निपाणी येथे आपल्या छापखान्यात छापले' अशी ओळ लागते. ती सगळी ओळ जुळवायची आणि माझ्या नावाची जागा मोकळी ठेवायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग जुळवायचं तरी कसं? मी शेवटी येऊन सहा खिळे भरायचो आणि मग आमचा मशीनवरचा गडी भरमू छापायला घ्यायचा. भरमूला वाचता येत नव्हतं. अशी बारा वर्षं गेली, कधी चूक झाली नाही.

बत्तीस सालच्या संक्रांतीच्या आधी शालूबाई आली. ती विड्या वळायची. कारखानदाराचा माणूस विड्या पारखताना वाईट म्हणून मूठभर बाजूला काढायचा. त्या छाटीचे पैसे बायकांना मिळायचे नाहीत आणि विड्याही परत मिळायच्या नाहीत. त्यावर बायकांची सभा होती, त्या सभेचं पत्रक तिला छापून हवं होतं.

लेबलांचं काम त्याच कारखानदारांकडून यायचं. शिवाय सरकारनं नुकताच छापखान्यांचा कायदा कडक केला होता. मजकूर खटकला की मालकाकडून जामीन मागायचे, आणि जामीन जप्त झाला की मशीन बंद. मी म्हणालो, "बेळगावास्नं कागद घेऊन येतो, मग बघू."

"बघू म्हणजे न्हाय," शालूबाई म्हणाली.

"न्हाय कशाला?" बायको आतून बोलली. "लग्नं छापतोय की आपण लोकांची. ही तर बरी गोष्ट हाय."

मी बेळगावच्या कॅम्पातल्या दुकानातून कागद घेतला. परतताना मोटार बिघडली आणि मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी घरी आलो तर पत्रक छापून वाटूनही झालं होतं. खाली लिहिलं होतं, 'हे पत्रक', मग मोकळी जागा, मग 'यांनी निपाणी येथे'.

"नाव कुठाय?" मी विचारलं.

"तुमी न्हवता. शालूबाई दारात बसून ऱ्हायली. म्हटलं, भरमू, छाप."

"अगं, नाव लागतं!"

"मला वाटलं ती तुमची हौस हाय," ती म्हणाली. "दुकानावर पाटी लावत्यात तशी."

बारा वर्षांत मी तिला तो कायदा कधी सांगितलाच नव्हता. तिची चूक तेवढीच, आणि माझी तिच्यापेक्षा मोठी.

चार दिवसांनी पोलीस आला. छापणाऱ्याचं नाव नसलेला कागद काढणं हा गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद. मी केशवरावांकडे गेलो, बायकोही आली. ते तेव्हा तरुण होते, नवीनच वकिली.

"मजकुरात काही नाही," ते म्हणाले. "पण सरकारी वकील म्हणणार, मजकूर वाईट होता म्हणूनच नाव लपवलं. ते कोर्टाला पटलं तर कैद होईल, पुढं जामीनही मागतील. तुम्ही गावात नव्हता असं सांगता येईल. पण मग छापलं कुणी, हे विचारतील."

"मी," बायको म्हणाली.

"तू गप," मी म्हणालो. "छापखाना माझा, मीच छापलंय."

"बोलायला सरकारला विचाराया लागतंय व्हय?" ती केशवरावांना म्हणाली. "सासूला मी बिनपरवानगी बोलत हुते."

"तेव्हा तुमचं नाव सासूबाईंना माहीत होतं," केशवराव म्हणाले, आणि एकदम थांबले. "वहिनी, तुम्ही नेहमीच जागा मोकळी सोडता? याला काही पुरावा?"

पुरावा स्वयंपाकघरात निघाला. प्रत्येक कामाचा तपासायचा एक कागद आम्ही काढायचो, तो मी नाव भरायच्या आधीच. तो वापरून झाला की बायको फळीवर डब्यांखाली अंथरायची. हळदीचे, तेलाचे डाग पडलेले साठेक कागद निघाले. लग्नाच्या पत्रिका होत्या, लेबलं होती, एक नाटकाची जाहिरात होती. सगळ्यांच्या खाली नावाच्या जागी मोकळं. केशवरावांनी ते सगळे पिशवीत भरले. बायको म्हणाली, "चटणीचा डबा आता कशावर ठेवू?"

चिकोडीच्या कोर्टात सरकारी वकील तेच बोलले. नाव लपवलं. केशवरावांनी कागद पुढं ठेवले. मॅजिस्ट्रेट साहेब धारवाडकडचे, पण मराठी चांगलं बोलायचे. त्यांनी एकेक कागद उचलून पाहिला, एकाचा वासही घेतला. मग माझ्या बायकोला उभं केलं.

"छापखान्याचा मालक कोण?"

"हे."

"हे म्हणजे? नाव सांगा."

"हे काय साहेब, उभे हायत की तुमच्या म्होरं. लपवायला कुठं गेल्यात?"

कोर्ट हसलं. साहेब हसले नाहीत. "नाव घेतलं नाहीत तर यांना कैद होईल, असं म्हटलं तर?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. तिचे डोळे भरले. मला वाटलं, होऊ दे कैद, हिला यातून सोडवा. मी म्हणालो, "साहेब, मी नागोजी. मालक मीच. तिला बसू द्या."

साहेबांनी पत्रक उचललं. "यात वर शालूबाईचं नाव मोठ्या अक्षरात आहे, सभेची जागा आहे, वेळ आहे. लपवणारा माणूस एवढं सांगत नाही." मग बाजूच्या कारकुनाला कन्नडमध्ये हळूच म्हणाले की त्यांच्या घरीही हेच आहे, वीस वर्षं झाली. कारकून खाली बघून हसला. साध्या दंडावर सुटलो. जामीन मागितला नाही. छापखाना राहिला. दोन कारखानदारांनी लेबलं बंद केली ती मात्र केलीच. त्यातला एक पुढं परत आला, कारण बायकोसारखी बारीक जुळणी जवळपास कुठं नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात आलो तर ती खणापुढं बसली होती. हातात जुळवलेली पूर्ण ओळ. माझ्या नावासकट, दोऱ्यानं घट्ट बांधलेली.

"घेतलंस की नाव," मी म्हणालो.

"कुठं घेतलं? खिळे उलटे असत्यात. उलटं घेतलेलं नाव घेतल्यात जमा न्हाय," ती म्हणाली. "आता ही सोडायची न्हाय. हरेक कागदाला हीच लावायची."

पंधरा वर्षं तीच ओळ लावतो आहे. तिच्या तेराव्याचं पत्रक मीच जुळवलं. मीही तिला जन्मभर 'अगं' म्हणूनच हाक मारली होती. बाळाबाई ही चार अक्षरं जुळवायला मला अर्धा तास लागला. खाली तिची ओळ लावली.

परवा केशवराव निघताना एक ताजा कागद उचलून खिडकीशी गेले. म्हणाले, "आण्णा, कायद्यात 'वाचता येईल असं' नाव लागतं. हे फार झिजलंय. 'ग'चा काना पण गेला."

"वाचून बघा."

त्यांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि माझं नाव मोठ्यानं वाचलं.

"येतंय न्हवं वाचता?" मी म्हणालो, आणि भरमूला मशीन चालवायला सांगितलं.